मुखपृष्ठ राहिले, अंक हरवला

रद्दीच्या दुकानातील तराजू मोठा समदर्शी असतो. कालचे वृत्तपत्र, मुलांच्या गतवर्षीच्या वह्या, उरलेल्या लग्नपत्रिका आणि साठ वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक यांत तो भेद करीत नाही. साऱ्यांना एकाच मापाने तोलतो आणि किलोच्या भावाने त्यांची वासलात लावतो. अलीकडे मात्र या तराजूला एक चोखंदळ प्रतिस्पर्धी लाभला आहे. जुन्या मराठी मासिकांची आणि दिवाळी अंकांची चित्रमय मुखपृष्ठे जमविणाऱ्यांचा एक वर्ग आपल्याकडे तयार झाला आहे. मुंबईत फोर्ट भागातील व माटुंग्याच्या पदपथांवरील ग्रंथविक्रेते, पुण्यातील जुन्या पुस्तकांची दुकाने, गावोगावचे रद्दीवाले आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरणारा बाजार, या सर्व ठिकाणी हा वर्ग चिकाटीने शोध घेत असतो. दीनानाथ दलालांचे किंवा रघुवीर मुळगावकरांचे एखादे मुखपृष्ठ हाती लागले, की ते चौकटीत बसते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर विराजमान होते.

ही हौस स्वागतार्ह आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या वस्तूला काल कोणी विचारीत नव्हते, तिला आज कोणी जपत असेल, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. तथापि, जेथे बाजार आला तेथे हिशेब आला; आणि हिशेबात जमेच्या बाजूइतकीच खर्चाची बाजूही पाहावी लागते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने मुखपृष्ठांच्या संग्रहाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रश्न मूळचा मोलाचाच आहे : आपण कशाला मोल देत आहो आणि ते देताना काय फुकट घालवीत आहो?

सामान्य माणसाच्या घरातील चित्र

या मुखपृष्ठांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा जो दिवाळी अंक काढला, तो मराठीतील दिवाळी अंकांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. एका कारखान्याचे हे माहितीपत्रक १९२९ मध्ये 'किर्लोस्कर' या नावाने मासिक म्हणून प्रतिष्ठित झाले. पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. या मासिकांचे संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनी स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि ते व्यंगचित्रेही काढीत. अंकाचे दर्शनी रूप ही संपादनाचीच एक बाजू आहे, हे अशा संपादकाला निराळे सांगावे लागत नाही. पुढे दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढला, मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने खिडकीचित्रांची गंमत रूढ केली. मुलांसाठी मद्रासहून येणाऱ्या 'चांदोबा'च्या मुखपृष्ठांनी तर राजे, राक्षस आणि ऋषी कसे दिसतात, हे दोन पिढ्यांच्या मनात कायमचे ठरवून टाकले.

या चित्रांकडे 'व्यापारी कला' म्हणून नाक मुरडण्याची पद्धत कलासमीक्षकांत बराच काळ होती. पण जरा विचार करावा. तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक किंवा कचेरीतील कारकून मुंबईच्या चित्रप्रदर्शनाला कधी जाणार होता? तैलचित्र विकत घेणे तर त्याच्या स्वप्नातही नव्हते. भिंतीवरचे दिनदर्शिकेचे चित्र आणि टेबलावरील मासिकाचे मुखपृष्ठ हेच त्याच्या घरातील चित्रकलेचे दालन होते. तिरंगी ठशांच्या छपाईने ही कला हजारो घरांत एकाच वेळी आणि अंकाच्या किमतीत पोहोचविली. मूळ चित्र छापखान्यातून परत आले की नाही, आले तर पुढे त्याचे काय झाले, याचा अनेकदा माग लागत नाही. अशा वेळी छापलेले मुखपृष्ठ हाच त्या चित्राचा उरलेला पुरावा असतो.

मुखपृष्ठाला दुसरेही एक काम होते, आणि ते निखळ आर्थिक होते. पुस्तकविक्रेत्याच्या फळीवर आणि रेल्वे स्थानकावरील व्हीलरच्या दुकानात डझनभर अंक शेजारी शेजारी टांगलेले असत. गाडी सुटण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत ग्राहकाची नजर ज्याने वेधली, तो अंक विकला जाई. मुखपृष्ठ म्हणजे मालाचे वेष्टन आणि मालाची जाहिरात. म्हणूनच त्यावर कोणाचा चेहरा आहे, तिची साडी कशी नेसलेली आहे, हातात समई आहे की पुस्तक, यावरून प्रकाशकाला आपला गिऱ्हाईक कोण वाटत होता, हे ताडता येते. आणि कोणाचा चेहरा त्या मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे आलाच नाही, कोणाचे हात, कोणाची वस्ती, कोणाचा रंग तेथे दिसला नाही, हेही त्याच कागदावरून वाचता येते. सामाजिक इतिहासाचे इतके बोलके आणि इतके दुर्लक्षित साधन क्वचितच असेल.

मोलाचा फेरा

एखादी वस्तू निरुपयोगी ठरून पुन्हा मौल्यवान कशी होते, याचा विचार मायकेल टॉमसन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बहुतेक वस्तूंचे मोल वापराबरोबर घटत जाते, काही थोड्या वस्तूंचे मोल काळाबरोबर वाढते, आणि या दोहोंच्या मध्ये कचऱ्याचा एक प्रदेश असतो, जेथे मोल शून्य असते. घटत्या मोलाची वस्तू वाढत्या मोलाच्या वर्गात थेट जात नाही. तिला प्रथम कचरा व्हावे लागते. त्याने उदाहरण घेतले होते ते कॉव्हेंट्रीच्या टॉमस स्टीव्हन्सने एकोणिसाव्या शतकात यंत्रमागावर विणलेल्या छोट्या रेशमी चित्रांचे. ती एकेकाळी स्वस्तात विकली गेली, नंतर कित्येक दशके त्यांना कोणी हात लावीना, आणि पुढे त्यांचेच भाव चढले.

आपल्या दिवाळी अंकांचा प्रवास याच वाटेने झाला. कार्तिकात कौतुकाने घेतलेला अंक चैत्रापर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून फिरून येतो, वर्षभराने माळ्यावर जातो आणि पुढे केव्हातरी रद्दीत. कचऱ्याच्या या टप्प्यात बहुसंख्य प्रती नाहीशा होतात. आणि त्या नाहीशा झाल्या, म्हणूनच उरलेल्यांना भाव येतो. दुर्मिळता ही अंकाच्या अंगची नसते, ती आपल्या बेफिकिरीने निर्माण केलेली असते.

त्यात निसर्गाचाही हात आहेच. आतला स्वस्त कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा. त्यातील लिग्निन प्रकाशाने व हवेने पिवळे पडते, आम्लाने कागद ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. मुखपृष्ठाचा गुळगुळीत आर्ट पेपर अधिक टिकतो. पण पावसाळ्यात दमटपणा लागला, की एकमेकांना चिकटतो आणि सोडवू जाता चित्राचे पापुद्रे निघतात. तारेच्या टाचण्या गंजतात. कसर आणि वाळवी यांना तर दलाल आणि मुळगावकर सारखेच.

दोन तऱ्हेची मोडतोड

येथपर्यंतची कथा परिचित आहे. जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, ती गोष्ट पुढे आहे. अंक दोन प्रकारे मोडले गेले आहेत, आणि हे दोन्ही प्रकार जतनाच्या नावाखाली झाले आहेत.

पहिला प्रकार ग्रंथालयांतील. मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याचा प्रघात अनेक ठिकाणी होता. त्यामागे दुष्ट हेतू नव्हता. बांधणीचा खर्च जाडीवर अवलंबून असतो, फळीवर जागा कमी असते, आणि मुखपृष्ठ म्हणजे केवळ वेष्टन, मजकूर तेवढा खरा, अशी प्रामाणिक समजूत होती. परिणाम असा, की आज एखादा विद्यार्थी जुन्या मासिकाचा बांधलेला खंड उघडतो, तेव्हा त्याला कथा मिळते, कविता मिळते. पण तो अंक वाचकाच्या हाती कोणत्या रूपात आला, त्याची किंमत काय होती, यांचा पत्ता लागत नाही. कित्येकदा अंकाचा महिना व किंमत मुखपृष्ठावरच छापलेली असे. ते गेल्यावर अंकाची जन्मतारीखच गेली.

दुसरा प्रकार बाजारातील, आणि तो आज जोरात आहे. चौकटीत बसते ते मुखपृष्ठ. आतील दीडदोनशे पिवळी पाने चौकटीत बसत नाहीत. समजा, एका विक्रेत्याला जुना अंक वीस रुपयांना पडला. सबंध अंक म्हणून त्याला दोनशे रुपये देणारा ग्राहक महिन्यातून एखादा येतो. पण मुखपृष्ठ वेगळे काढून, काचेखाली घालून, आठशे रुपयांना घेणारे चौघे उभे असतात. आतील जुन्या जाहिराती कापून त्यांचेही वेगळे पैसे होतात. मग सबंध अंक विकणारा विक्रेता व्यवहारात मूर्खच ठरतो. उरलेला मजकूर पुन्हा त्याच समदर्शी तराजूवर जातो.

म्हणजे गंमत पाहा. ग्रंथालयांनी मजकूर राखला आणि मुखपृष्ठ टाकले. बाजार मुखपृष्ठ राखतो आणि मजकूर टाकतो. दोघांच्या मध्ये अंक नावाची सबंध वस्तू नाहीशी होत आहे.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. मजकूर ग्रंथालयात आहे, चित्र भिंतीवर आहे, बेरीज तीच. परंतु ही बेरीज तीच नाही. मुखपृष्ठ कोणी काढले, हे पुष्कळदा आतील अनुक्रमणिकेच्या पानावर एका ओळीत छापलेले असते. सर्वच चित्रकार चित्रावर सही करीत नसत. केली तरी छपाईत ती कापली जाई. मुखपृष्ठ अंकापासून वेगळे केले, की दलालांसारख्या ख्यातनाम चित्रकाराचे नाव टिकते, पण त्यांच्यामागे राबणाऱ्या अनेक लहान चित्रकारांची नावे त्या फेकलेल्या पानाबरोबर कायमची जातात. चित्र भिंतीवर राहते आणि चित्रकार रद्दीत जातो.

जाहिरातींचेही तसेच. केशतेले, साबण, शिवणयंत्रे, विमा, पेढ्या, नाटककंपन्या यांच्या जाहिराती, त्यांतील किमती आणि त्यांची भाषा यांवरून मध्यमवर्गाच्या उपभोगाचा जो इतिहास लिहिता येईल, तो सरकारी आकडेवारीवरून लिहिता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, तेव्हा प्रकाशकाने पाने कमी केली, की किंमत वाढविली, की मुखपृष्ठाचे रंग कमी केले? हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उत्तम प्रबंधविषय आहे. पण त्याचे उत्तर मुखपृष्ठ, मजकूर, पृष्ठसंख्या, जाहिराती आणि किंमत एकत्र असलेल्या अंकांच्या सलग मालिकेतूनच मिळू शकते. तुकड्यांतून ते मिळत नाही.

खासगी नफा, सार्वजनिक तोटा

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे साधे उदाहरण आहे. मुखपृष्ठ कापल्याने होणारा नफा विक्रेत्याच्या खिशात पडतो. अंक मोडल्याने होणारा तोटा कोणा एकाचा नसतो. तो उद्याच्या वाचकांचा, संशोधकांचा आणि भाषेचा असतो, आणि त्यांच्यापैकी कोणीही दुकानात भाव करायला हजर नसतो. ज्या तोट्याला धनी नाही, तो बाजारभावात मोजला जात नाही. यासाठी विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो पोटासाठी करतो आणि ग्राहक मागेल ते देतो. प्रश्न ग्राहकाच्या मागणीचा आहे.

सरकारी व्यवस्थेवर विसंबून राहावे, तर तिच्या मर्यादा उघड आहेत. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकांनी आपल्या प्रकाशनांच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठविणे बंधनकारक केले, आणि १९५६ मध्ये त्याची व्याप्ती वृत्तपत्रांपर्यंत वाढविली. पण मूळ कायद्यात कसुरीबद्दल ठेवलेल्या दंडाची मर्यादा होती पन्नास रुपये. शिवाय 'मनोरंजन'चे सारे आयुष्य आणि 'किर्लोस्कर'ची पहिली तीन दशके या कायद्यापूर्वीची आहेत. तेव्हा सरकारी कपाटात सर्व काही सुरक्षित असेल, अशा भ्रमात कोणी राहू नये.

म्हणूनच संग्राहकाविषयी मला आदर आहे. मराठी ग्रंथांची व नियतकालिकांची सूची करण्यात आयुष्य वेचणारे शंकर गणेश दाते हे कोणत्याही सरकारी खात्याचे पगारी नोकर म्हणून त्या कामाला लागले नव्हते. परदेशातही असे घडले आहे. अमेरिकेतील व ब्रिटनमधील मोठमोठी ग्रंथालये सूक्ष्मपट तयार झाल्यावर जुन्या वृत्तपत्रांचे मूळ खंड काढून टाकीत होती. सूक्ष्मपट काळेपांढरे, मूळ अंकांतील रंगीत चित्रे त्यांत नाहीशी झाली होती. १९९९ मध्ये निकोल्सन बेकर या लेखकाने आपल्या खर्चाने आणि देणग्या जमवून ब्रिटिश लायब्ररीने विक्रीस काढलेले अनेक खंड वाचविले, आणि पुढे २००४ मध्ये तो सारा संग्रह एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. संस्था विसरतात, तेव्हा व्यक्तीने लक्षात ठेवावे लागते. पण बेकरने चित्रे कापून घेतली नाहीत, खंडच्या खंड राखले, हे विसरता कामा नये.

यावर एक आक्षेप मी माझ्या वर्गातच ऐकला आहे. शाळांना छप्पर नाही, ग्रंथालयांत नवी पुस्तके घ्यायला पैसा नाही, अशा वेळी जुन्या मासिकांच्या देखण्या मुखपृष्ठांची चिंता हा सुखवस्तूंचा चाळा नाही काय? आक्षेपातील कळकळ मला मान्य आहे. पण त्यातील हिशेब मान्य नाही. येथे मागणी मोठ्या खर्चाची नाही. मागणी आहे ती नाश न करण्याची, आणि नाश न करायला फारसा पैसा लागत नाही. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी काढून गावात वाचनालय उभारले, त्या शिक्षक-कारकुनांच्या घरांतूनच हे अंक निघत आहेत. हा वारसा सुखवस्तूंचा नव्हे, त्यांचाच आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट संग्राहकाने करावयाची. सबंध अंकातून मुखपृष्ठ काढू नये आणि कापलेले मुखपृष्ठ विकत घेऊ नये. भिंतीवर लावायला चांगली रंगीत प्रतिकृती पुरे होते. मूळ अंक सपाट, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावा. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचा थर चढवून घेऊ नये. दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. मुखपृष्ठ मुळातच सुटे मिळाले असेल, तर मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष यांचा शोध घेऊन मागे पेन्सिलीने नोंद करावी.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांनी करावयाची. मासिके बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती जागच्या जागी ठेवाव्यात. जीर्ण अंक काढून टाकण्यापूर्वी त्यांची यादी महिनाभर तरी सूचनाफलकावर लावावी आणि शेजारच्या ग्रंथालयांना पाठवावी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यभर अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. या जाळ्याचा उपयोग करून जुन्या नियतकालिकांची एक संयुक्त सूची तयार करणे अशक्य नाही. कोणता अंक कोठे आहे आणि त्याचे मुखपृष्ठ शाबूत आहे की नाही, एवढे दोन रकाने पुरेत. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक म्हणून हे काम करून घेता येईल. संग्राहकांनीही आपापल्या याद्या त्यात द्याव्यात. यादी दिल्याने वस्तूची मालकी जात नाही.

तिसरी गोष्ट छायाप्रतींची. मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये काढलेल्या 'वीसमी सदी' या गुजराती सचित्र मासिकाचे अंक आज कोणालाही संगणकावर पाहता येतात, ते हौशी अभ्यासकांच्या पुढाकाराने. मराठीतही असे काम होत आहे, परंतु ते सुटेसुटे आहे. येथे स्वामित्वहक्काचे भान मात्र ठेवले पाहिजे. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या चित्रांचा हक्क टिकतो. दलालांचे निधन १९७१ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकरांचे १९७६ मध्ये, म्हणून २०३६ अखेरपर्यंत. तोवर त्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती छापून विकणाऱ्याने वारसांची वा हक्कधारकांची संमती घ्यावी आणि मोबदला द्यावा. जी चित्रे आपण इतक्या प्रेमाने जमवितो, ती काढणाऱ्याच्या घराला त्यातला वाटा पोहोचू नये, हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

शेवटी वाचकांना एक विनंती. दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आपल्याकडे रद्दीचा मोठा हंगाम. नवा दिवाळी अंक घरात येण्याच्या त्याच पंधरवड्यात जुने अंक बाहेर जातात. यंदा माळा रिकामा करताना गठ्ठ्याची सुतळी सोडून पाहावी. तीस-चाळीस वर्षांहून जुने अंक वेगळे काढावेत, त्यांची नावे आणि वर्षे एका कागदावर लिहावीत आणि तो कागद घेऊन जवळच्या ग्रंथालयात जावे. ग्रंथपालाने नकार दिला, तर एखाद्या संग्राहकाला द्यावेत. मात्र देताना एवढे बजावावे, की अंक आहे तसाच राहिला पाहिजे.